डोंगराचं दार वाजवणारा गांगुर्डे

गांगुर्डे डोंगर चढण्याआधी दार वाजवायचा.

डोंगराला दार नसतं हे मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे, आणि त्यालाही माहीत असणार, कारण बाकीच्या बाबतीत तो शहाण्यासारखा वागायचा. पण अंजनेरीच्या पायथ्याशी, शेतं संपून झाडी सुरू होते तिथे, एक काळा खडक आहे. तिथवर आलं की तो सगळ्यांना थांबवायचा, छत्रीच्या मुठीने खडकावर ठकठक करायचा आणि बंद दारासमोर उभं राहून बोलावं तसं बोलायचा, "मावशे, आलो गं. पोरं आणलीत संगं. येऊ का वर?"

मग उत्तराची वाट बघायची. बायका, पोरं, कोणाचे सासरे, कोणाचा जळगावहून आलेला मेव्हणा, सगळी वरात गप्प उभी. कुठेतरी पानं हलायची, एखादा पक्षी ओरडायचा, आणि गांगुर्डे मान डोलावून सांगायचा, "या म्हणती. चला, निवांत." ते 'या' त्याच्याशिवाय कोणाला ऐकू यायचं नाही. म्हणजे एक माझी मुलगी सोडून. मीनू तेव्हा तिसरीत होती आणि आपल्याला ते अगदी स्पष्ट ऐकू येतं असं देवाशपथ सांगायची.

मला हा माणूस आवडत नसे. कारण साधं होतं. माझ्या घरात तो सगळ्यांना आवडायचा.

आता माझ्या जागी दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, असतात अशी माणसं, आपल्याला काय करायचंय. मला तसं म्हणता येत नाही. माझा स्वभाव पहिल्यापासून जळका आहे. शेजारच्या घरातून तळणीचा वास आला तरी आपल्याकडे वरण-भात का, असं वाटून मी अर्धा उपाशी उठतो. गांगुर्डेचं तर काय, घर समोरच होतं. नाशिक रोडला नोटा छापणाऱ्या प्रेसच्या कॉलनीत त्याचा ब्लॉक तो आणि माझा हा. दोघं प्रेसमध्ये एकाच साली लागलो, ग्रेड एकच, बोनस एकच. डोक्यावर केस माझ्यापेक्षा त्याला कमी. कॅरममध्ये मी त्याला डाव्या हाताने हरवावं. म्हणजे हेवा करावा असं वरवर पाहता त्याच्याकडे काही नव्हतं, आणि तोच मला त्रास होता. ज्याच्याकडे काही जास्त नाही त्याचा हेवा करणं फार अवघड जातं. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचो, मनात अरे-तुरे. इथे मनातलंच लिहितो आहे.

तो मूळचा घोटीकडचा. त्या बाजूला पावसाळ्यात चार महिने माणसं घोंगडी पांघरून चिखलात भात लावतात, आणि उरलेले आठ महिने पावसाबद्दल बोलतात. हा गडी मात्र डोंगरांबद्दल बोलायचा, आणि तेही नातेवाइकांबद्दल बोलावं तसं. आसपासचे सगळे डोंगर त्याने नात्यात बसवले होते. अंजनेरी म्हणजे मावशी. रामशेज म्हणजे मामा, "मामाकडं कधीबी जावं, मामा रागावत नाय." ब्रह्मगिरी आजोबा. इगतपुरीकडची त्रिंगलवाडी ही आत्या, कारण तिच्या पायथ्याशी धरणाकाठी बसून जेवायला झकास सावली आहे आणि आत्या जेवल्याशिवाय सोडत नाही. हरिहरच्या त्या उभ्या पायऱ्या आहेत ना, तो व्याही. "व्याह्याचा मान राखायचा, पण बारकी लेकरं घेऊन त्याच्या दारात उभं राहायचं नाय." पांडवलेणी त्याच्या हिशेबी डोंगरच नव्हता. ती शेजारीण. तिथे जाणं म्हणजे वाटी घेऊन साखर मागायला जाणं.

शनिवारी संध्याकाळी तो कॉलनीतून फिरायचा आणि खिडक्यांखाली उभा राहून सांगायचा, "उद्या मावशीकडं. येनार त्यानं चादर आनि पानी आनायचं." एवढंच. पण त्या एका आरोळीवर बायका रात्रीच पुऱ्या लाटायला घ्यायच्या. कॉलनीत तेव्हा कोणाकडे मोटार नव्हती. सकाळी सिटी बसने सीबीएसच्या स्टँडवर, तिथून त्र्यंबकची एसटी, अंजनेरी फाट्याला उतरायचं आणि गावातून चालत पायथा गाठायचा. वाटेत त्याचे नियम सुरू. पाहुण्याच्या घरी आरडाओरडा करायचा नाही. विचारल्याशिवाय पान तोडायचं नाही. आपली सालं, कागद आपल्या पिशवीत. रिकाम्या हाती जायचं नाही. त्यासाठी उन्हाळाभर खाल्लेल्या जांभळांच्या बिया आणि आंब्याच्या कोयी गांगुर्डेवहिनी गॅलरीत वाळवून ठेवायच्या आणि मृगात पोरं त्या मातीत खुपसून यायची. वहिनी स्वतः कधी यायच्या नाहीत. त्यांना बस लागायची. त्या मागे राहून शेंगदाण्याचे लाडू पाठवायच्या, आणि कोणाच्या पोराला तूप चालत नाही हे त्यांना पोराच्या आईच्या आधी आठवायचं.

त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. कॉलनीत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावर कोणी बोलत नसे.

चढताना प्रत्येक पोराला तो काम द्यायचा. एक पाणीवाला. एक काटेवाला, म्हणजे वाटेवरचे काटे बाजूला करणारा. आणि सगळ्यात मानाचं पद म्हणजे शेपूट. शेपटाने सर्वांत मागे चालायचं आणि कोणी मागे राहिलं नाही ना ते बघायचं. शेपटाच्या सोबत गांगुर्डे स्वतः असायचा. आमची मीनू लागोपाठ किती रविवार शेपूट होती कोण जाणे. घरी आली की सँडल काढायच्या आधी ते सांगायची. मी एकदा म्हटलं, अगं, शेपूट असणं यात कौतुक काय आहे? ती माझ्याकडे फार दयेने बघत म्हणाली, "बाबा, तुम्ही कधी होता का?"

नव्हतो. मी रविवारी झोपायचो.

आणि उठून बघतो तो घर रिकामं. ओट्यावर माझ्यासाठी झाकून ठेवलेल्या पुऱ्या असायच्या. मेथीच्या, तीळ घातलेल्या, पण कडा मोडलेल्या. टम्म फुगलेल्या पुऱ्या डब्यातून मावशीकडे गेलेल्या असत. माझ्या बायकोचे, सुनंदाचे गुडघे एरवी दूध आणायला खाली जाताना दुखायचे. अंजनेरी चढून आल्यावर ती गाणं गुणगुणत भांडी घासायची. मीनू कारलं खायला लागली. मी दोन वर्षं त्या कारल्यासाठी घसा फोडला होता. गांगुर्डेकाका म्हणाले की कारलं खाल्लं की चढाला धाप लागत नाही, झालं, वाटीभर खाल्लं. सकाळ-संध्याकाळ 'काका म्हणतात'. काका म्हणतात रात्री केस धुवू नये. काका म्हणतात मुंगळ्याला रस्ता द्यावा. आपल्याच घरात बसून आपल्याच मुलीच्या तोंडून दुसऱ्याची वचनं ऐकायची म्हणजे काय, ते ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळेल.

शेवटी एका रविवारी मीच निघालो. हौस म्हणून नाही. हा माणूस करतो तरी काय ते बघायला.

पहिल्या चढालाच माझा भाता झाला. लाज वाटून मी झाड बघतोय, नाडी बांधतोय असं करत होतो. तेवढ्यात मागून गांगुर्डेचा आवाज, "बसा रे सगळे. मावशी म्हणती जरा टेका." सगळे बसले. पुन्हा चाललो, पुन्हा माझी छाती लोहाराच्या दुकानासारखी, आणि पुन्हा मावशी म्हणती टेका. दिवसभर त्या मावशीला माझ्या छातीचा अंदाज बरोबर येत होता. माझं नाव त्याने एकदाही घेतलं नाही. घेतलं असतं तर मला निदान भांडता आलं असतं.

पुढच्या खेपेला तर कमाल झाली. एवढी मंडळी फाट्यावरून चालत पायथ्याशी आली, याने दार वाजवलं, बराच वेळ कान देऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आज नको म्हणती. तिला बरं नाय." आणि सगळ्यांना परत फिरवलं. लख्ख ऊन पडलेलं, डोंगर समोर उभा, आणि आम्ही डोंगराला बरं नाही म्हणून गावातल्या देवळाच्या ओट्यावर बसून लाडू खाल्ले. मी मनात म्हटलं, सापडला. हा माणूस चक्रम आहे, आता घरी गेल्यावर सुनंदाला सांगतोच. घरी येईपर्यंत तिलाच कळलं होतं. खालच्या मजल्यावरच्या वाघबाईंचा धाकटा तापाने फणफणला होता. आईला सांगितलं तर घरी ठेवेल म्हणून पोरगं सकाळपासून गप्प होतं. गांगुर्डेने वाटेत त्याचा हात धरला तेव्हा त्याला चटका लागला. पोराला ताप आहे म्हटलं असतं तर सगळ्यांचा रविवार त्या पोराने घालवला असता. मावशी आजारी पडली, त्यामुळे कोणीच कोणाचं काही घालवलं नाही.

सुनंदा हे सांगताना डोळे पुसत होती. लग्नात आणि माझ्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनमध्ये मिळून ती जेवढी रडली नसेल तेवढी या गांगुर्डेपायी रडली. मी पेपर तोंडावर धरला.

त्यानंतर मी ठरवलं की आपणही पोरीला डोंगरावर नेऊन दाखवायचं. एका रविवारी गांगुर्डेच्या सेक्शनला ओव्हरटाइम लागला आणि माझ्या सेक्शनला नाही. अशी संधी रोज येत नाही. मी मेन रोडवर जाऊन हंटर बूट घेतले, पाठीवरची सॅक घेतली, टोपी घेतली आणि एक शिट्टीही घेतली. गांगुर्डेकडे शिट्टी नव्हती.

आम्ही तिघं पायथ्याशी पोचलो. मी त्या काळ्या खडकाला वळसा घालून पुढे निघालो तर मीनू मागे उभीच. दार वाजवल्याशिवाय वर जायचं नसतं. मी समजावलं, बाळा, हा खडक आहे, बेसाल्ट. ती म्हणाली, असू दे. सुनंदा झाडाकडे बघत हसू दाबत होती. शेवटी मी इकडेतिकडे कोणी गुराखी बघत नाही ना याची खात्री केली, पाण्याची स्टीलची बाटली खडकावर आपटली आणि म्हटलं, "आत्याबाई, आम्ही आलोय."

मीनूचा चेहरा असा झाला की जणू मी कोणाच्या तरी लग्नात जाऊन दुसऱ्याच नवऱ्या मुलाला आहेर केला असावा.

"बाबा, ही मावशी आहे. आत्या इगतपुरीला असते."

आता मावशीचा राग जाईपर्यंत वर जाता येणार नव्हतं. किती वेळ, ते मीनू ठरवणार. आम्ही बसलो. ऊन चढायला लागलं. एक पक्षी ओरडला, तशी मी घाईने उठून म्हटलं, झालं, या म्हणाली. मीनूने मान हलवली. "ती टिटवी होती. टिटवीचं धरायचं नसतं." काका म्हणतात, हे तिने पुढे जोडलं नाही, पण मला ऐकू आलं.

एकदाची परवानगी मिळाली. मी तावातावाने पुढे निघालो. शिट्टी वाजवली की मागच्यांनी यायचं असं ठरवलं होतं. वरच्या घळीतल्या पायऱ्यांपाशी मी शिट्टी वाजवली आणि मागच्यांच्या आधी माकडं आली. त्यातल्या एकाने सॅकच्या बाहेर लोंबणारी पुऱ्यांची पिशवी अशी सहज उचलली की जणू त्याच्याच घरून आली होती. त्या दिवशी प्रथमच टम्म फुगलेल्या पुऱ्या माझ्या वाटणीला होत्या. पठारावर जाऊन आम्ही लेमनच्या गोळ्या खाल्ल्या. वारा छान होता, तळ्यात पाणी होतं. मी म्हटलं, बघ मीनू, किती सुंदर. ती म्हणाली, "हो. काका इथे आडवं झोपून ढगांत हत्ती दाखवतात." मी ताबडतोब आडवा झालो. वर बघितलं तर आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ, औषधाला ढग नाही.

परत आलो तर पोरगी आपल्या घरी न येता थेट समोरच्या ब्लॉकमध्ये. मला तिच्या मागे जावं लागलं. गांगुर्डे नुकताच ओव्हरटाइम करून आला होता, बनियनवर बसून चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला आणि सगळं ऐकलं. पायऱ्यांवर किती माकडं होती, कोणाच्या कडेवर पिल्लू होतं का, तळ्यात पाणी कुठवर आलंय, असं विचारत होता की जणू अंजनेरी त्याने जन्मात बघितली नव्हती. मीनू म्हणाली, बाबांनी चुकून मावशीला आत्या म्हटलं. तो गंभीर झाला. थोडा विचार करून म्हणाला, "चालतंय. मावशीला आत्या म्हनलं तर मावशी समजून घेती. आत्याला मावशी म्हनले असते तर अवघड होतं." मग माझ्याकडे वळला. "देवरेभाऊ, पोरीला पार वर नेऊन आनलंत. लय भारी काम केलं बघा."

मी त्याला हरवायला गेलो होतो आणि त्याने माझी पाठ थोपटली. असल्या माणसाशी वैर तरी कसं करायचं? मला रात्री जेवण गेलं नाही.

मग मी माझ्या स्वभावाला शोभेलसा उपाय काढला. मीनू चौथीत गेली होती. चौथीला स्कॉलरशिपची परीक्षा, आणि कॉलनीतल्या एक बाई तिचा क्लास घ्यायच्या, शनिवारी दुपारी किंवा रविवारी सकाळी. मी रविवारची बॅच सांगून टाकली. सुनंदा म्हणाली, शनिवारची पण आहे की. मी म्हटलं, रविवारी पोरांचं डोकं ताजं असतं. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला काय कळायचं ते कळलं होतं. मीनूला मी इतक्यात सांगणार नव्हतो. आधी गांगुर्डेला सांगायचं होतं. पुढच्या रविवारपासून मीनू येणार नाही, हे वाक्य मी त्याला तोंडावर ऐकवणार होतो आणि ऐकताना त्याचा चेहरा बघणार होतो. एवढ्यासाठी मी त्या रविवारी पुन्हा हंटर बूट चढवले.

मार्गशीर्ष असेल. ऊन कोवळं, गवत पिवळं पडलेलं, कारवीच्या काड्या वाळून उभ्या. दिवसभर मी संधी शोधत होतो आणि दिवसभर मला त्याचा एक हात रिकामा सापडेना. एका हातात कोणाच्या सासऱ्यांची काठी, दुसऱ्या हातात मीनू. वर जेवायला बसलो तर मीनू त्याच्या चादरीवर. ढगांत हत्ती बघायला त्याच्या शेजारी. त्या दिवशी ढग होते, हे वेगळं सांगायला नको. उतरताना एका घसरड्या जागी मी हात पुढे केला तर ती माझ्या हाताखालून वाकून मागे गेली आणि म्हणाली, "मी शेपूट आहे, मला शेवटी यायचंय." तेव्हा मला वाटलं, बस झालं. आता फाट्यावर पोचलो की सांगून टाकायचं.

फाट्यावर एसटी लगेच आली. त्र्यंबकहून भरून आलेली. गांगुर्डेने बायका-पोरांना वर चढवलं, जागा मिळवून दिल्या आणि सगळ्यांच्या पिशव्या गोळा करून एका बाकावर बसला. त्याच्या शेजारची जागा मला मिळाली. मीनू आमच्या समोर दांडीला धरून उभी होती. चांगलंच झालं. मी घसा साफ केला. म्हटलं, आता मीनूला आईकडे पाठवावं आणि बोलावं.

तेवढ्यात मीनूने एक जांभई दिली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि माझ्या मांडीवर चढून माझ्या शर्टात तोंड खुपसून झोपली. दोन मिनिटांत अंग सैल.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. दिवसभर ज्याच्या मागे फिरली त्याच्या मांडीवर नाही, माझ्या. मी बसमध्ये नजर फिरवली. वाघबाईंचा धाकटा आईच्या कुशीत गेला होता. पुढच्या बाकावरची दोघं बापाच्या दोन खांद्यांवर. सगळी पोरं आपापल्या घरच्यांकडे पांगली होती. मी गांगुर्डेकडे अगदी विजयी मुद्रेने बघितलं. त्याच्या मांडीवर पिशव्यांचा ढीग होता आणि त्याने त्या पिशव्यांभोवती दोन्ही हात गुंफले होते.

"शेवटी बापच लागतो," मी म्हटलं. म्हणायला नको होतं असं आज कोणी मला म्हणेल, पण मी किती महिने वाट बघितली होती.

त्याला राग आला नाही. तो मीनूकडे बघत होता.

"तेच बघत असतो मी दर येळी," तो म्हणाला. "दिवसभर माझ्यासंगं चालत्यात, बोलत्यात. झोप आली की ज्याची त्याच्याकडं जात्यात. एक बी चुकून माझ्याकडं येत नाय." त्याने मांडीवरच्या पिशव्या सावरल्या. मग हसला. "देवरेभाऊ, तुमचा लय हेवा वाटतो मला. खोटं कशाला बोलू."

माझा हेवा. आजपर्यंत कोणी केला नव्हता. प्रेसमध्ये नाही, नातेवाइकांत नाही, सख्ख्या भावाने नाही. मी त्याच्यावर वर्ष-दीड वर्ष जळत होतो आणि हा माणूस दर रविवारी याच बसमध्ये बसून माझ्यावर जळत होता. मला त्याचा राग यायला पाहिजे होता. तो नीट येईना. पुढच्या रविवारचं ते वाक्य जिभेवर तयार होतं, ते तिथेच अडकलं आणि नंतर खाली गेलं.

एका थांब्यावर डोक्यावर गाठोडं घेतलेली एक म्हातारी चढली आणि आमच्या बाकापाशी येऊन उभी राहिली. अशा वेळी कोणी उठायचं हे ठरलेलं होतं. गांगुर्डे पिशव्या आवरायला लागला. मी त्याच्या आधी उठलो.

"जरा धरता का हिला?" मी म्हटलं. "उभ्याने मला पेलायची नाही."

त्याने पिशव्या पायाशी टाकल्या. त्यातला लाडवांचा डबा घरंगळत बाकाखाली गेला, तिकडे त्याने बघितलंही नाही. मी मीनूला त्याच्या मांडीवर ठेवलं. एवढ्या पोरांना डोंगर चढवणारा माणूस, पण झोपलेलं पोर कसं धरायचं ते त्याला माहीत नव्हतं. एक हात तिच्या पाठीखाली अवघडला आणि दुसरा कुठे ठेवावा हे न कळून हवेतच राहिला. मीनूने झोपेत नाक त्याच्या शर्टाला घासलं, डोकं नीट बसवलं आणि मूठ करून त्याची गुंडी पकडली. मग त्याने तो दुसरा हात हळूच तिच्या केसांवर टेकवला. म्हातारी गाठोडं मांडीवर घेऊन शेजारी बसली आणि म्हणाली, लेक दमली वाटतं. 

कंडक्टर गर्दीतून वाट काढत, पंच टकटक वाजवत आमच्यापर्यंत पोचला तेव्हा बस सातपूरला आली होती. त्याने मीनूकडे बघितलं आणि गांगुर्डेला विचारलं, "पोरगी तुमची ना? वय किती?"

गांगुर्डेने मान वर करून माझ्याकडे बघितलं. विचारत होता.

मी वाकून खिडकीबाहेर बघायला लागलो. मला उत्तर द्यायला एक शब्द पुरला असता. तो शब्द माझ्याच हक्काचा होता.

"नववं चालू हाय," गांगुर्डेचा आवाज आला. मग जरा थांबून, कंडक्टरने विचारलं नव्हतं तरी, तो म्हणाला, "चौथीत हाय. पार वरपर्यंत चढली आज. कुठं बसली नाय."

"अर्धं लागंल," कंडक्टर म्हणाला आणि तिकीट फाडलं.

सातपूरला खिडकीबाहेर कारखान्यांच्या भिंती असतात, दुसरं काही नसतं. पोटात माझ्या नेहमीसारखं जळत होतं, चांगलंच जळत होतं, आणि मी सीबीएस येईपर्यंत त्या भिंतींकडे बघत राहिलो.